पुण्यात बसून साईट चालवायची तर लिंकनच्या तारा बघा

बांधकामाची साईट वाघोलीला, ऑफिस कोथरूडला, आणि दिवसभर ग्रुपवर "कुठपर्यंत आलं?", "फोटो टाका", "उत्तर का नाही?" चालू, असं ज्यांचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनने १८६१ ते १८६५ चं तिथलं यादवी युद्ध, फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांविरुद्धचं, बऱ्यापैकी असंच चालवलं, व्हॉट्सॲपच्या जागी तारयंत्र एवढाच फरक.

सगळ्यात आधी वाचायला शिका. व्हाइट हाउसमध्ये तारयंत्र नव्हतंच, शेजारी युद्धखात्याच्या इमारतीत तार ऑफिस होतं आणि राष्ट्राध्यक्ष स्वतः चालत तिथं जायचा, ड्रॉवर उघडून आलेल्या तारांच्या कॉप्या वरून वाचायला घ्यायचा ते आधी वाचलेली तार लागेपर्यंत. मग बोलायचा. आपण उलटं करतो, आधी विचारतो. स्लॅबच्या दिवशी साईट इंजिनिअरचे हात सिमेंटने भरलेले असतात, त्याने सकाळीच टाकलेलं असतं की पंप आला, सळई चेक झाली, आणि तुम्ही अकरा वाजता विचारता "पंप आला का?" तो मनात काय म्हणत असेल ते इथं लिहिता येत नाही. त्यामुळे टाइप करायच्या आधी ग्रुप वर सरकवत न्या, शेवटचं वाचलेलं येईपर्यंत.

मेसेजमध्ये काय हवंय ते सांगा, कसं करायचं ते सांगू नका. जून १८६३ मध्ये लिंकनचा जनरल हूकर याच्या डोक्यात शत्रूची राजधानी रिचमंड घ्यायचं आलं, तर लिंकनने तारेने कळवलं की तुझं लक्ष्य रिचमंड नाही, ली या दक्षिणेच्या सेनापतीची फौज आहे. बास. तसंच "आज संध्याकाळी सातपर्यंत स्लॅब पूर्ण, मध्ये जॉइंट पडता कामा नये" एवढं पुरतं. पंप कुठं लावायचा, व्हायब्रेटर कोणाच्या हातात द्यायचा हे मुकादमाला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. मिक्सरची गाडी नगर रोडला अडकली तर प्लांटला फोन करून मागची गाडी पुढेमागे करणं, हे मात्र तुमचं काम, ते करा.

नकाशावरून हुकूम सोडायचा मोह लिंकनलाही आवरला नव्हता बरं का. मे १८६२ मध्ये दक्षिणेचा जनरल जॅक्सन याला शेनंडोआ खोऱ्यात कोंडायचं म्हणून त्याने वॉशिंग्टनमधून तारांचा सपाटा लावला, आपल्या फ्रेमाँट या जनरलला सांगितलं हॅरिसनबर्गला जा. तो निघाला मूरफील्डला! लिंकनची तार गेली: तू मूरफील्डला दिसतोस, तुला स्पष्ट हुकूम हॅरिसनबर्गचा होता, याचा अर्थ काय? प्रश्न एक नंबर, पण नकाशावर जो रस्ता सरळ दिसतो तो डोंगरात, चिखलात सरळ नसतो, आणि जॅक्सन निसटला तो निसटलाच. ग्रुपवर आलेला फोटो म्हणजे साईट नव्हे, फोटोत चिखल किती खोल आहे ते दिसत नाही.

आता टोमणा, म्हणजे आपला पुणेरी खास विषय. ऑक्टोबर १८६२ मध्ये लिंकनचा सेनापती मॅक्लेलन याने घोडे दमलेत म्हणून रडगाणं गायलं तेव्हा लिंकनने विचारलं, माफ करा, पण अँटिएटमच्या लढाईनंतर तुमच्या घोड्यांनी दमण्यासारखं केलंय तरी काय? वाचायला मजा येते, उपयोग फारसा झाला नाही, मॅक्लेलनने घोडदळाच्या कामाची लांबलचक कैफियत पाठवली, लिंकनला अन्याय झाला असेल तर खेद आहे असं म्हणावं लागलं आणि नोव्हेंबरात मॅक्लेलनला पदावरून काढलाच. काढायचंय तर काढा, टोमण्याने ठेकेदार सुधारत नाही. फारच राग आला तर लिहा, पण पाठवू नका. गेटिसबर्गची लढाई जिंकूनही ली निसटला म्हणून तिथला आपला जनरल मीड याला लिंकनने जळजळीत पत्र लिहिलं, आणि ना त्यावर सही केली ना ते पाठवलं. तुम्ही मात्र मोबाईलच्या नोट्समध्ये लिहा, ग्रुपच्या चौकटीत नको, अंगठा कधी लागेल सांगता येत नाही.

आणि चांगला माणूस मिळाला की मेसेज आपोआप आखूड होतात. आपला सरसेनापती ग्रँट याला लिंकनने सरळ लिहिलं होतं की तुझ्या योजनेचे तपशील मला माहीत नाहीत आणि मी विचारतही नाही. ७ एप्रिल १८६५ ची तार बघा: शेरिडन (ग्रँटच्या हाताखालचा जनरल) म्हणतो की जोर लावला तर ली शरण येईल, तर मग जोर लावा. यात फिल्डवरच्या माणसाचंच वाक्य उचललंय आणि खाली फक्त होकार दिलाय. दोन दिवसांनी ली शरण आला.

हे लगेच वापरता येतं. साईटवरून आलं की "पंप आठपर्यंत राहिला तर जिन्याचा स्लॅब पण आजच उरकतो", तर आधी पंपवाल्याशी बोलून घ्या, मग त्याच मेसेजला रिप्लाय द्या: "राहतोय. उरका."