फॉल्स फ्लोअरिंग बसवण्यापूर्वीची तयारी

सांगलीच्या विश्रामबागेतील एखाद्या चालू कार्यालयात सर्व्हर रूमसाठी फॉल्स फ्लोअरिंग, म्हणजे खाली केबलसाठी पोकळी ठेवून पायांवर मांडलेल्या, उचलता येणाऱ्या चौकोनी पॅनेलांची फरशी बसवायची असेल, तर सर्वांत मोठा धोका कारागिरांना नसून तेथे रोज वावरणाऱ्यांना असतो, हे धरूनच तयारीला लागावे. कारागिराला कोणते पॅनेल उघडे आहे ते ठाऊक असते; फाईल वाचत येणाऱ्या कारकुनाला किंवा चहा घेऊन येणाऱ्या मुलाला ते ठाऊक नसते. म्हणून कामाची जागा दोरी बांधून नव्हे, तर कमरेएवढ्या पक्क्या कठड्याने बंद करावी आणि ये-जा करण्याचा दुसरा रस्ता आधीच ठरवून कार्यालयातील प्रत्येकाला प्रत्यक्ष दाखवावा.

माल येण्यापूर्वी वजनाचा हिशेब मांडावा. सिमेंट भरलेले 600 बाय 600 मिलिमीटरचे लोखंडी पॅनेल साधारण 13 ते 17 किलोचे असते. अशा 40 पॅनेलांची एकच थप्पी लावली, तर सुमारे 600 किलो भार जेमतेम 0.36 चौरस मीटरवर येतो. कार्यालयाचा स्लॅब मात्र सहसा दर चौरस मीटरला 250 ते 400 किलोच्या हिशेबाने केलेला असतो. त्यामुळे थप्प्या लहान ठेवून त्या तुळयांजवळ पसरून लावाव्यात आणि इमारत जुनी असल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय माल वर चढवू नये. सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता 408 किलो असते, म्हणजे सोबत दोन माणसे असतील तर 15 पॅनेलांची खेप पुरेशी समजावी.

काम जुलै-ऑगस्टमध्ये असेल तर माल तळघरात किंवा तळमजल्यावर उतरवू नये. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी कुठवर आले होते हे सांगलीकरांना सांगायला नको. कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की मालाची वाहतूक थांबवावी.

पेडेस्टल, म्हणजे पॅनेलांना खालून आधार देणारे लोखंडी पाय, चिकटवण्याआधी स्लॅब झाडून कोरडा करावा, कारण धुळीवर लावलेले इपॉक्सी (चिकटवण्याचे द्रव्य) धरत नाही आणि हललेले पेडेस्टल पुढे कोणाच्या तरी पायाखाली कलंडते. इपॉक्सीला वास असतो. खिडक्या उघडता येत नसतील तर पंख्याने हवा बाहेर काढण्याची सोय करावी. ते पूर्ण वाळेपर्यंत त्या भागावर कोणी पाय ठेवू नये. स्ट्रिंगर (पेडेस्टलांना एकमेकांशी जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या) नसलेल्या रचनेत पॅनेलच पेडेस्टलांना बाजूने आधार देतात, त्यामुळे जुन्या फ्लोअरिंगची दुरुस्ती करताना पूर्ण ओळ एकदम उघडणे टाळावे. ही चूक घाईत हमखास होते, म्हणून एका वेळी किती पॅनेल उघडायचे ते मुकादमाने सकाळीच सांगावे. उघडा चौकोन सोडून जेवायला जाण्याची परवानगी कोणालाही नसावी.

कडेची पॅनेल कापताना उडणाऱ्या सिमेंटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात साठून राहते. कापण्याचे काम खोलीबाहेर, मोकळ्या जागेत, पाते ओले ठेवून किंवा धूळ ओढणारे यंत्र जोडून करावे. साधा रुमाल चालणार नाही, एन-95 मास्कच द्यावा. धुळीमुळे खोटा इशारा वाजू नये म्हणून आगीची सूचना देणारी यंत्रणा त्या काळात बंद ठेवावी लागली, तर ती कोणी बंद केली, कोण सुरू करणार आणि तोवर पहारा कोणाचा, हे लिहून ठेवावे.

पोकळीतील चालू केबल वायरमनकडून तपासून घ्याव्यात, पेडेस्टलांचे अर्थिंग इमारतीच्या अर्थिंगला जोडून मोजून पाहावे. 108 क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचा रस्ता मुकादमाला पाठ असावा.

काम ताब्यात देताना थोडी जादा पॅनेल आणि किमान एक सक्शन लिफ्टर (पॅनेलला चिकटून ते वर उचलणारा रबरी कपांचा हात) कार्यालयाच्या स्वाधीन करावा, तो कुठे टांगला आहे ते दाखवावे. नाहीतर पुढची केबल टाकणारा माणूस स्क्रूड्रायव्हरने पॅनेल उचकटतो आणि त्याची बोटे खाली सापडतात.