लेकरू खरं सांगायला आलं की आधी मशीन थांबवा

लेकरू काही सांगायला आलं की पहिल्यांदा हातातलं काम थांबवा. माझ्या बाबतीत ते काम म्हणजे शिलाई मशीन. उत्तर नागपुरात घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाऊज शिवते, चौदा वर्षं झाली. मशीन चालू असताना मी जे "हं, हं" करते ते कापडाकडे बघून करते, आणि लेकराला ते बरोबर कळतं. म्हणून पायडलवरून पाय काढायचा आणि तोंड त्याच्याकडे वळवायचं. एवढं जमलं तरी अर्धं झालं. उरलेलं अर्धं शिकायला मला दोन वर्षं लागली.

लग्नसराईचे दिवस होते, मे महिना, बाहेर ४५ डिग्री. कूलर फुल्ल चालू, तरी ब्लाऊजच्या अस्तराला हाताचा घाम लागत होता. एक वहिनी ब्लाऊज न्यायला आल्या. मी सवयीने म्हणाले, "झालाच समजा वहिनी, फक्त काज-हुक राहिले. उद्या न्या." माझी लेक तेव्हा सात वर्षांची. खाली बसून हुकांच्या डब्या लावत होती. मान वर करून म्हणाली, "आई, वहिनीचं कापड तर पिशवीतच आहे न. तू खोटं काहून बोलून राहिली?"

मी डोळे वटारले. वहिनी गेल्यावर तिच्या दंडाला चिमटा काढला आणि "मोठ्यांच्या मधात बोलायचं नाही" असं बजावलं.

आठच दिवसांत मला त्याचं फळ मिळालं. एका काकूंची फॉल-पिकोला आलेली साडी द्यायच्या दिवशी सकाळी उघडली, तर पदरावर इस्त्रीचा डाग. रुपयाच्या नाण्याएवढा, कडेने तपकिरी, मधात कापड कडक झालेलं. डाग आत जाईल अशी साडीची घडी घातलेली होती आणि ती गठ्ठ्याच्या अगदी तळाशी ठेवलेली. "कोणी केलं हे?" मी ओरडले. "माहीत नाही," लेक म्हणाली. तिच्या तोंडून मी हे दोन शब्द पहिल्यांदा ऐकले. खरं बोलली तेव्हा चिमटा मिळाला, हे ती शिकली होती. मीच शिकवलं होतं.

तेव्हापासून मी काय करते ते सांगते.

आपल्याला आधीच माहीत असेल तर "कोणी केलं?" विचारायचंच नाही. तो प्रश्न नसतो, सापळा असतो. लेकरू घाबरतं आणि जवळची वाट धरतं, ती वाट म्हणजे "मी नाही". त्याऐवजी सरळ सांगा, "साडी जळलेली मला दिसली. कसं झालं ते सांग." मग लपवायला काही उरत नाही, फक्त सांगायचं उरतं.

सांगितलं की पहिलं वाक्य हेच, "बरं झालं सांगितलं." राग आला असला तरी हेच. मग "कुठं, दाखव," आणि मग "आता काय करायचं आपण?" हा क्रम चुकवू नका. मला पहिल्या वाक्याला सगळ्यात जास्त ताकद लागते, कारण जिभेवर दुसरंच काही आलेलं असतं. अशा वेळी मी आधी घोटभर पाणी पिते आणि मग बोलते.

नुकसान आणि खरं बोलणं, दोन्हींचे हिशेब वेगवेगळ्या वहीत ठेवा. साडी जळली तर ती भरून द्यावीच लागते. आम्ही दोघी चालत त्या काकूंकडे गेलो. बोलले मी, ती माझा हात धरून बाजूला उभी होती. पैसे मी दिले. पुढचे दोन रविवार तिने माझ्यासोबत बसून उरलेल्या चिंध्यांच्या चुंबळी केल्या, त्या विकून थोडे पैसे आले. ही झाली नुकसानीची वही. खरं बोलण्याच्या वहीत फक्त जमा असते, तिथं कधीच वजाबाकी नको. "खरं बोललीस म्हणून सोडते" असंही मी म्हणत नाही. त्याने खरं बोलणं म्हणजे सुटकेचा पास होतो.

आमचं घर बौद्ध. माझे आजेसासरे १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ होत्या, त्यात "मी खोटे बोलणार नाही" हीसुद्धा होती. रविवारी विहारात पंचशील घेताना आम्ही म्हणतो, "मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि." ही पाली ओळ खोटं न बोलण्याची. कितीतरी वर्षं मी हे म्हणत आले, पण त्यातल्या 'सिक्खा'चा अर्थ 'शिकणं' आहे याकडे माझं लक्षच नव्हतं. आपण मराठीत शिक्षा म्हणतो ती वेगळी. खोटं न बोलणं ही शिकायची गोष्ट आहे, आणि शिकणारा चुकणारच. लेकराला शिकायला द्यायचं ते मी शिक्षा करायला वापरत होते.

आता तांब्याचं सांगते, ते आमच्या घरात सगळ्यात जास्त कामी आलं. राहुल हा बुद्धांचा मुलगा, लहानपणीच भिक्षूंच्या संघात आला. बुद्धांनी त्याला खोटं बोलण्याविषयी समजावलं ते पाण्याच्या भांड्याने. भांड्याच्या तळाशी थोडंसं पाणी ठेवलं आणि म्हणाले, जाणूनबुजून खोटं बोलायची लाज नसलेल्या माणसाचं श्रमणपण, म्हणजे भिक्षूपण, एवढंसंच असतं. मग तेही पाणी फेकून दिलं. मग भांडं पालथं केलं. मग सरळ करून रिकामं दाखवलं. दर वेळी तेच विचारलं, दिसतं का राहुल? आणि शेवटी सांगितलं, गमतीतसुद्धा खोटं बोलायचं नाही.

हे करायचं तर रागावलेलं असताना करू नका. मी शाळेला सुट्टी असलेल्या दिवशी सकाळी केलं, मोरीजवळ बसून, स्टीलच्या तांब्याने. आणि एक गोष्ट पक्की करा, उदाहरण स्वतःचं घ्या. मी म्हणाले, "वहिनीला मी उद्या देते म्हटलं आणि कापड पिशवीत होतं, तेव्हा माझा तांब्या एवढा रिकामा झाला." ओतलं, पालथा घातला, सरळ करून दाखवला. लेक बराच वेळ तांब्याकडे बघत होती. मग म्हणाली, "नळ आला न आई. पुन्हा भर न मग."

मला काही बोलताच आलं नाही. ऊर भरून येणं म्हणतात ते काय, ते मला त्या मोरीजवळ कळलं. इतकी वर्षं वंदना म्हणून मला जे सुचलं नाही, ते या पोट्टीला नळाच्या आवाजावरून सुचलं. मी तांब्या भरला, तिला जवळ घेतलं आणि "कुठून शिकलीस गं हे?" असं विचारलं. तिने खांदे उडवले. तिच्यासाठी ती साधी गोष्ट होती.

अशा वेळी कौतुक कसं करायचं, हेही शिकावं लागतं. "किती शहाणी माझी बाई" म्हणून शेजारणीसमोर तिला उभं करू नका. पुढच्या वेळी ती टाळी मिळेल असं बोलेल. जे बोलली तेच तिला परत सांगा, "पुन्हा भरता येते म्हणालीस, ते मला पटलं." एवढं पुरे. रात्री निजताना आठवण करून दिली तर आणखी गोड लागतं.

गोष्टी सांगतानाही हेच. आपण 'लांडगा आला रे आला' सांगतो, खोटारड्याचं वाईट होतं ते दाखवायला. २०१४ साली कॅनडातल्या संशोधकांनी ३ ते ७ वर्षांच्या मुलांवर हे तपासलं होतं. खेळण्याकडे चोरून बघू नको सांगायचं, बघितलं का ते नंतर विचारायचं. लांडग्याची गोष्ट ऐकलेली मुलं काही जास्त खरं बोलली नाहीत. ज्या गोष्टीत मुलगा चूक कबूल करतो आणि बाप त्या खरेपणाचं कौतुक करतो, ती ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. मला त्याचं नवल वाटलं नाही. माझ्या चिमट्याची गोष्ट लांडग्याचीच होती.

अगदी लहान लेकराचं वेगळं. धाकटा तीन वर्षांचा असताना सांगायचा, कूलरमध्ये वाघ बसला आहे. त्याला खोटारडा म्हणायचं नाही. "कोणत्या रंगाचा? खरा का गोष्टीतला?" असं विचारायचं. तो विचार करून म्हणायचा, "गोष्टीतला." खऱ्या-खोट्यातली रेघ तिथंच ओढायला शिकतात ती.

मग आपलं स्वतःचं. "सांग आई घरी नाही" हे फोनवर लेकराला बोलायला लावणं बंद करा, आजपासून. पैशाच्या खोट्याचं आणखी अवघड असतं. आम्ही एसटीने उमरेडला चाललो होतो, सासूबाई सोबत. एसटीत पाच वर्षांच्या आतल्यांना तिकीट नाही, पुढे बारापर्यंत अर्धं. कंडक्टरने विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चार वर्षांचा आहे जी." धाकटा सीटवर उभा राहून म्हणाला, "आजी, मी पाच पूर्ण झालो न! केक नाही कापला का आपण?" अख्खी गाडी हसली. सासूबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी पर्स उघडली, अर्धं तिकीट घेतलं आणि ते त्याच्याच हातात दिलं. अजून त्याच्या कंपासपेटीत आहे, शाई उडालेलं. लेकराच्या खऱ्या बोलण्याची किंमत त्याच्यासमोर, तिथल्या तिथं मोजून द्यावी. सासूबाईंना मात्र त्याच्यासमोर काही बोलले नाही. घरी आल्यावर चहा देताना हळूच बोलले, त्यांनीही ऐकून घेतलं.

दुकानात मी 'उद्या' हा शब्द सोडला. पावतीवर तारीख लिहिते आणि मनात असेल त्याहून चार दिवस पुढची लिहिते. काही गिऱ्हाइकं गेली. जी राहिली ती फोन करून विचारत नाहीत, तारखेलाच येतात.

खरं बोलणाऱ्या लेकराकडून दुखवणारंही बोललं जातं. एका लग्नात लेकीने आत्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "आत्या, तुझा ब्लाऊज बगलेत फाटून राहिला." आत्याचा चेहरा पडला. तेव्हा रागावण्यापेक्षा तिला तीन प्रश्न दिले, तेही बुद्धांच्याच शिकवणीतले. हे खरं आहे का? समोरच्याच्या कामाचं आहे का? आत्ताची वेळ बरोबर आहे का? उसवलेलं आहे हे खरं, आत्याच्या कामाचंही, पण वेळ चुकली. कानात सांगून सेफ्टी पिन दिली असती तर तेच बोलणं किती गोड झालं असतं. तिला पटलं. आता तिच्या फ्रॉकला नेहमी एक पिन लावलेली असते.

पण एका ठिकाणी वेळ-काळ बघायला शिकवू नका. कोणी मोठ्याने नको तिथं हात लावला, धमकावलं, "आईला सांगू नको" म्हटलं, तर ते कुठंही, कितीही पाहुण्यांमध्ये, ओरडून सांगायचं. हे मी दोघांनाही वेगवेगळं बसवून सांगितलं आहे, आणि लेकरांच्या मदतीसाठी असलेल्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर पाठ करून घेतला आहे. "मोठ्यांच्या मधात बोलू नको" हे वाक्य म्हणूनच घरातून काढून टाकलं. कोणत्या दिवशी ते आड येईल सांगता येत नाही.

या दिवाळीच्या आधीची गोष्ट. हात दुखत होता, चार ब्लाऊज मागे पडले होते. एका ताईंची तारीख शनिवारची आणि मी बुधवारीच ओळखून होते की होणार नाही. तरी बघू, बघू करत होते. लेक आता नऊ वर्षांची. संध्याकाळी दप्तर ठेवलं, पावतीबुक चाळलं आणि माझ्या खुर्चीजवळ येऊन हळूच, धाकट्यालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आई, या ताईंना आजच फोन कर. आज सांगशील तर त्या दुसरीकडून शिवून घेतील. शनिवारी सांगशील तर दिवाळीत त्यांना कुठंच नाही भेटणार."

मी फोन लावला. ताई जरा नाराज झाल्या, मग म्हणाल्या बरं झालं सांगितलं, आणि तासाभरात येऊन कापड घेऊन गेल्या. शिलाईचे साडेतीनशे गेले. लेक खाली बसून हुकांच्या डब्या लावत होती, मोठे हुक वेगळे, बारीक वेगळे. मी तिच्या केसांच्या भांगाकडे बघत बसले होते, पायडलवर पाय ठेवून, कितीतरी वेळ.

"मशीन चालव न आई," ती म्हणाली. "तीन ब्लाऊज आहेत अजून."