डोळ्यांपुढचे रंग जातात तेव्हा: राइडच्या कामात येणाऱ्यांसाठी

माझ्या डोळ्यांपुढून पहिल्यांदा रंग गेले ते एका मोठ्या अम्यूझमेंट पार्कमधल्या रोलर कोस्टरवर, शेवटच्या लांबलचक गोल वळणात. समोरच्या डब्याचा लाल रंग आधी फिका पडला, मग राखाडी झाला. त्यानंतर चारी बाजूंनी अंधार आत सरकू लागला आणि मधे नळीएवढा उजेड उरला. कान मात्र शाबूत होते. चाकांची घरघर, शेजारच्या मुलाची आरोळी, सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. वळण संपलं आणि दोनेक सेकंदांत रंग जसे गेले तसे परत आले.

तेव्हा मी तिथे मेंटेनन्सला ट्रेनी होते, कोल्हापुरातून मेकॅनिकल डिप्लोमा करून नुकतीच गेलेली. खाली उतरून सीनिअरना सांगितलं. ते म्हणाले, "ऊन लागलं असंल, पाणी पिऊन सावलीला बस जा." मी बसले. मी कितव्या रांगेत होते हे कुणी विचारलं नाही आणि मलाही ते लिहून ठेवायचं सुचलं नाही.

त्याला बारा वर्षं झाली. आता मी कोल्हापुरात राहते आणि राइडवर बसणाऱ्यावर किती बल येतं हे मोजायला ठिकठिकाणी जाते. उद्यमनगरातल्या ओळखीच्यांची, शिवाजी विद्यापीठात फिजिक्स शिकणारी मुलं-मुली विचारायला येतात, "ताई, या लाइनीत यायचं तर काय शिकू?" वेल्डिंग, डिझाइनचं सॉफ्टवेअर, कंट्रोल पॅनल हे त्यांना सगळेच सांगतात आणि ते लागतंच. पण मी पहिल्या दिवशी त्यांना रक्तदाबाचं गणित घालते.

बसलेल्या माणसाचं हृदय आणि डोळे यांत साधारण ३० सेंटिमीटरचं अंतर असतं. तेवढ्या उंचीचा रक्ताचा स्तंभ हृदयाला सतत पेलावा लागतो, आणि पाऱ्याच्या मापात तो २३ मिलिमीटर भरतो. हृदयापाशी सरासरी दाब ९५ धरा. मग डोळ्यांपाशी उरतो ७२. हे झालं १ जीला, म्हणजे घरात पाटावर बसलेलं असताना. जी म्हणजे आपल्या वजनाच्या किती पट भार अंगावर आहे तो आकडा. डबा उताराच्या तळाशी पोचून वर वळतो तेव्हा शरीराबरोबर रक्तही तितकंच जड होतं. २ जीला डोळ्यांपाशी ४९ उरतात, ३ जीला २६ आणि ४ जीला जेमतेम ३. हे गणित स्वतःच्या हातानं वहीत मांडा, वाचून पुढे जाऊ नका.

आता डोळ्याकडे या. डोळा आतून ताणलेला गोळा आहे. त्याचा स्वतःचा दाब साधारण १० ते २१ असतो. दृष्टिपटलाला पोचणाऱ्या रक्ताला हा दाब ओलांडूनच आत शिरावं लागतं. १५ धरला तर साडेतीन जीच्या आसपास रक्ताचा दाब डोळ्याच्या दाबाखाली जातो आणि पुरवठा अडतो. मेंदूचं तसं होत नाही. तो बंद कवटीत आहे. रक्ताचा दाब उतरतो तसा भोवतीच्या द्रवाचाही दाब उतरतो, म्हणून रक्त आणखी थोडा वेळ फिरत राहतं. आधी दिसायचं थांबतं आणि शुद्ध नंतर जाते, त्याचं कारण हे. माझे कान शाबूत होते तेही त्याचमुळे.

अंधार कडांकडून का येतो हे मला गावाकडच्या शेतानं समजावलं. दृष्टिपटलाची मुख्य रक्तवाहिनी मागच्या बाजूनं आत येते आणि तिथून फांद्या फुटत कडेपर्यंत जाते. उसाला पाणी सोडल्यावर टोकाच्या सरीला ते सर्वांत उशिरा पोचतं आणि मोटरचा दाब कमी झाला की तीच सरी आधी कोरडी पडते. डोळ्यातही तसंच. रंग फिके पडून करडं दिसणं ही पहिली पायरी. मग कडा जातात, मग पूर्ण अंधार होतो, आणि तरीही भार उतरला नाही तर शुद्ध हरपते. लढाऊ विमानांच्या वैमानिकांना या पायऱ्या शिकवून ठेवतात. ते पाय-पोट बाहेरून दाबणारा जी-सूट घालून, पाय आणि पोट आवळून, ठरलेल्या तालात श्वास रोखत-सोडत ९ जीपर्यंत टिकतात. आपल्या तालमीतल्या पोरांना मांड्या आणि पोट घट्ट करायला वेगळं शिकवावं लागत नाही. पण राइडवर येणारी आजी किंवा आठवीतला मुलगा हे करणार नाही, आणि राइड त्यांच्यासाठीही आहे.

साडेतीन हा आकडा वाचून कुणीही विचारेल की कोस्टरवर तर ४ जी, ५ जी येतात, मग सगळ्यांनाच अंधारी का येत नाही? नवीन माणूस सर्वांत जास्त इथे चुकतो. तो पार्कच्या फलकावरचा सर्वांत मोठा आकडा बघतो. १९९४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात रोजच्या हालचालींत डोक्याला किती त्वरण मिळतं ते मोजलं होतं. खुर्चीत धपकन बसताना ते १० जीच्या आसपास भरलं, आणि कुणाला काही झालं नाही. तो धक्का सेकंदाचा अगदी लहानसा भाग टिकतो, तेवढ्यात रक्त जागचं हलतही नाही. रक्त अडलं तरी दृष्टिपटल आणि मेंदू जवळच्या ऑक्सिजनवर साधारण पाच सेकंद काढतात. लूपच्या, म्हणजे रुळाच्या उभ्या गोलाच्या, तळाशी ४ जी सेकंदभर येऊन जातो, शिल्लक संपायच्या आत. लांब गोल वळणात तोच भार चार-पाच सेकंद तसाच राहिला की डोळ्यांची शिल्लक संपते. शरीरही गप्प बसत नाही. मानेतल्या धमनीत दाब ओळखणाऱ्या नसा असतात. त्या हृदयाला वेगानं चालायला लावतात, रक्तवाहिन्या आवळतात. मात्र त्याचा पूर्ण परिणाम व्हायला सहा ते दहा सेकंद लागतात. शिल्लक पाच सेकंदांची आणि मदत त्यानंतर येणार. मधली फट डिझाइन करणाऱ्याला सांभाळावी लागते.

हे पुस्तकी वाटत असेल तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियाकडे बघा. किंग्ज डोमिनियन पार्कमध्ये २०१० साली इंटिमिडेटर ३०५ हा कोस्टर सुरू झाला, ३०५ फूट म्हणजे सुमारे ९३ मीटर उंच. पहिल्या उतारानंतर लगेच जमिनीलगत वेगात एक मोठं वळण होतं. त्या वळणात अनेक प्रवाशांच्या डोळ्यांपुढं अंधारी येऊ लागली. आधी उतारावर ब्रेक बसवून वेग कमी केला. मग २०११ च्या हंगामाआधी त्या वळणाचा ट्रॅकच बदलला आणि त्रिज्या वाढवली. मला या गोष्टीत मोलाचं वाटतं ते हे की लोकांनी सांगितलेला अनुभव कुणीतरी गंभीरपणे घेतला आणि पोलाद बदललं.

आपल्याकडच्या जत्रेत उलटं उदाहरण आहे. मौत का कुआँमध्ये मोटरसायकलवाला भिंतीवर जवळजवळ आडवा असतो, म्हणजे भार त्याच्या डोक्याकडून पायाकडे येतो. विहिरीची त्रिज्या ५ मीटर आणि वेग ताशी ३६ किलोमीटर धरला तर भिंतीच्या बाजूनं सुमारे २ जी येतो. पृथ्वीची ओढ मिळवली की सव्वादोनच्या आसपास. हे तो मिनिटं-मिनिटं सोसतो आणि वर हात सोडून नोटा घेतो. वरच्या हिशोबात बघा, त्याच्या डोळ्यांपाशी अजून चाळीसच्या वर दाब उरतो. हे प्रकरण महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या फिजिक्सच्या पहिल्याच धड्यात आहे. परीक्षेपुरतं पाठ केलं असेल तर पुन्हा उघडा.

त्याच धड्यात उभ्या वर्तुळाची सिद्धता आहे: माथ्यावर जेमतेम टिकेल एवढाच वेग असला तरी तळाशी वजनाच्या सहापट बल येतं. गुण मिळवून आपण ती सोडून देतो. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप नावाची राइड होती. तिचा लूप जवळजवळ पूर्ण गोल होता आणि लोक मान धरून उतरायचे. सरळ रुळावरून एकदम गोलात शिरलं की भार हळूहळू चढत नाही, हिसक्यानं येतो. जर्मन राइडनिर्माता अँटोन श्वार्झकॉफ आणि इंजिनिअर वेर्नर स्टेंगेल यांनी यावर उपाय केला. कॅलिफोर्नियातल्या सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटनमध्ये १९७६ साली रिव्होल्यूशन सुरू झाली, तिचा लूप थेंबाच्या आकाराचा आहे. तळाशी वेग जास्त म्हणून तिथे त्रिज्या मोठी, माथ्यावर वेग कमी म्हणून तिथे लहान. सिव्हिलवाले रस्त्याच्या आणि रेल्वेच्या वळणाआधी हळूहळू वळवत नेणारा जो संक्रमण वक्र घालतात, त्याच घराण्यातला हा वक्र.

उलट्या दिशेचा भार वेगळा. टेकडीच्या माथ्यावर आपण सीटवरून उचलले जातो, तेव्हा रक्त डोक्याकडे ढकललं जातं. हे शरीराला फार कमी सोसतं. वजा २-३ जी टिकून राहिला तर डोळ्यांवर ताण येऊन लालसर दिसू शकतं. पण माझी जास्त काळजी वेगळीच असते. डोक्याकडे दाब वाढला की मानेतल्या त्याच नसा हृदयाला सावकाश करतात, रक्तवाहिन्या सैल सोडतात. आणि नेमकं तेव्हाच डबा उताराच्या तळाशी पोचून ४ जी आला तर शरीर चुकीच्या बाजूला झुकलेलं असतं. वैमानिकांच्या वैद्यकात हा परिणाम चांगला माहीत आहे. म्हणून ट्रॅकचा एकेक तुकडा वेगळा तपासून भागत नाही, आधी काय येऊन गेलं ते बघावं लागतं.

पुढून-मागून येणारा भार माणूस सर्वांत चांगला सोसतो, कारण रक्ताचा स्तंभ त्या दिशेला लांब नसतो. जॉन स्टॅप या अमेरिकन हवाई दलाच्या डॉक्टरनं १० डिसेंबर १९५४ रोजी स्वतःला रॉकेटच्या घसरगाडीवर बांधून घेतलं. ताशी हजार किलोमीटरहून जास्त वेगावरून ती दीड सेकंदाच्या आत थांबली, ४६ जी. तो जगला, पण काही काळ त्याला काही दिसत नव्हतं. डोळ्यांत रक्तस्राव झाला होता.

आता कामाचं. मोजायची सुरुवात फोनपासून करा. फायफॉक्स हे मोफत ॲप टाका आणि केएमटीच्या बसमध्ये मांडीवर फोन धरून ब्रेकचा आलेख काढा. मग पन्हाळ्याच्या वळणांवर काढा. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटरला आडवा भार ०.२ जी यायला हवा. तुमचा किती आला, फरक का पडला, ते लिहा. कोस्टरवर मात्र फोन घेऊन बसू नका. सुटलेला फोन मागच्याच्या तोंडावर जातो. तिथे डब्याला पक्का बांधलेला, भार नोंदवणारा लॉगर लागतो.

पहिला खरा आलेख बघून घाबराल, कारण चाकांच्या खडखडाटानं तो काटेरी दिसतो. एएसटीएम या अमेरिकन संस्थेच्या मोजणीच्या मानकात ५ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पाच कंपनांच्या, वरचं गाळून मगच मर्यादेशी तुलना करतात. मात्र गाळलेलं फेकून देऊ नका. तो खडखडाट मान आणि डोळ्यांना लागतो. डोकं थरथरलं की नजर स्थिर ठेवणारी कानाची यंत्रणा मागे पडते आणि सगळं धूसर दिसतं. झिजलेलं चाक मला कितीदा तरी आधी तिथेच सापडलंय. राइड डिझाइनची मानकं म्हणजे मुख्यतः एएसटीएमचं एफ२२९१ आणि आयएसओ १७८४२. त्यांतल्या भाराच्या मर्यादा दिशा आणि वेळ यांना बांधलेल्या आहेत. रक्तदाबाचा हिशोब आधी केलेला असेल तर ते आलेख तुम्हाला कोरडे वाटणार नाहीत.

कोल्हापूरचा एक फायदा घ्या. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये डाय पेनेट्रंट, मॅग्नेटिक पार्टिकल, अल्ट्रासॉनिक अशी, तुकडा न फोडता भेगा शोधायची तपासणी रोज चालते. वर्षभर तिथे हात बसवा. पार्कमध्ये एक्सलची भेग शोधायला हेच लागतं. डॉक्टर होऊन या विषयात यायचं असेल तर एरोस्पेस मेडिसिनमध्ये एमडी करता येतं. बेंगळुरूला हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आहे आणि तिथे माणसांना फिरवणारं सेंट्रिफ्यूज आहे.

आणि पहिल्या नोकरीत, एखादा प्रवासी उतरून म्हणाला की डोळ्यांपुढं अंधार आला, तर त्याला हसू नका, एकट्याला सोडू नका. बसवा, चक्कर असेल तर आडवं करून पाय वर घ्या. जेवला होता का, पाणी कधी प्यायला, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का, विचारा. अंधार दोन्ही डोळ्यांना होता की एका? वळणानंतर लगेच गेला का? एकाच डोळ्यापुढं पडदा उरला असेल, काळे ठिपके किंवा वीज चमकल्यासारखं दिसत असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा. जाड मायनसचा चष्मा असणाऱ्यांच्या बाबतीत तर जास्तच, त्यांचं दृष्टिपटल आधीच ताणलेलं असतं. डोकं फार दुखणं, मान दुखणं, बोलणं अडखळणं असेल तर थेट हॉस्पिटल. नंतर रजिस्टर काढा: वेळ, हवेचं तापमान, डब्यात किती माणसं होती, ट्रॅकवर कुठे अंधारी आली, आणि रांग कितवी होती. पुढच्या आणि मागच्या रांगेला एकाच ठिकाणी सारखा भार येत नाही. त्या दिवशी मी शेवटून दुसऱ्या रांगेत होते असं मला वाटतं, पण वाटण्यावरून ट्रॅक बदलता येत नाही.