सिक्वेल बघून आलात? बाणस्तारीच्या पुलापर्यंत बोलू नका

एखाद्या साय-फाय सिरीजचा पुढचा भाग दहा-पंधरा वर्षांनी येतो ना, तेव्हा शेवटची नावं पडद्यावर सरकत असतानाच लोकांचे अंगठे मोबाईलवर पोचलेले असतात, 'वाट लावली' नाहीतर 'मास्टरपीस', दोनातलं एक टाकून मोकळे. इतकी वर्षं वाट बघितली ती त्या एका शब्दासाठी थोडीच? आम्ही फोंड्याची पाच-सहा जणं आहोत, सगळी असल्या सिरीजची वेडी, आम्ही आमची एक पद्धत बसवलीय ती सांगते, जमली तर करून बघा.

सुरुवात आठवडाभर आधी. वहीचं एक पान फाडा, या भागात तुम्हाला काय काय बघायचंय ते लिहा, तीन गोष्टी पुरे, खाली तारीख घाला. कागदावरच लिहा, मोबाईलवरचं आपण मागाहून बदलतो. आणि 'भारी असावा' असलं मोघम नको, नेमकं लिहा. अवतार या पिक्चरचा पहिला भाग 2009 चा, तेव्हा मी आठवीत, आणि दुसरा आला थेट 2022 च्या डिसेंबरात, मध्ये 13 वर्षं. माझ्या कागदावर पहिली ओळ होती, रात्री चमकणारं ते जंगल पोटभर बघायचंय. आणि पिक्चर निघाला समुद्राचा! नायकाचं, जेकचं, कुटुंब जंगल सोडून किनाऱ्यावरच्या लोकांकडे जातं तिथेच माझं मन उतरलं, ते बराच वेळ परत लागलंच नाही. घरी येऊन कागद काढला तेव्हा कळलं की माझा रुसवा जंगलासाठी होता, पिक्चरमध्ये काय चुकलं त्याच्याशी त्याचा संबंध नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या की निम्मं काम झालं.

जायच्या आधी जुना भाग परत बघा, आठवणीवर जाऊ नका. आठवणीतला पिक्चर दरवर्षी थोडा थोडा मोठा होत जातो आणि नव्याची तुलना आपण त्या वाढलेल्याशी करतो.

आता पुलाचं. पणजीहून पिक्चर बघून फोंड्याला येताना जुनं गोवं गेलं की बाणस्तारीचा पूल लागतो. आमचा नियम एकच, पूल ओलांडेपर्यंत गाडीत पिक्चरवर एक अक्षर नाही. पहिल्यांदा फार जड जातं, कुणीतरी 'अरे तो शेवटचा...' म्हणतंच, त्याला गप्प करायचं. तुम्ही म्हापशाला जाणारे असाल तर तुमचा तुम्ही पूल ठरवा. कारण असं की पहिला जो बोलतो त्याचंच मत सगळ्यांच्या डोक्यात बसतं, मग बाकीचे नुसती री ओढतात. पूल गेला की प्रत्येकाने फक्त एक सीन सांगायचा, डोळ्यांसमोरून न हलणारा, चांगला की वाईट ते नंतर.

सिरीज माहीत नसलेला एखादा माणूस बरोबर न्या, हे मी अगदी कळकळीने सांगते. अवतारच्या दुसऱ्या भागाच्या वेळी मोरजीचा मामा आमच्याकडे राहायला आलेला, आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरण्यात, गेलेलं, त्याला नेलं. तो पायाकान, व्हेलसारखा प्राणी, पाण्याबाहेर येतो तेव्हा मामा खुर्चीत पुढे सरकून बसला आणि पूल गेल्यावर एवढंच म्हणाला, "उदक सारकें हालता गो," म्हणजे पाणी अगदी बरोबर हलतंय गं. आम्ही सगळे कथेतली भोकं शोधत बसलेलो, पाण्याकडे नीट बघितलं होतं ते त्याने एकट्याने. मी दुसऱ्यांदा गेले ती त्या वाक्यामुळे, आणि मग पिक्चर मला आवडला.

लिहायचं ते दुसऱ्या दिवशी. पहिल्या आठवड्यातला निकाल पुष्कळदा टिकतच नाही. ब्लेड रनर 1982 मध्ये फारसा चालला नव्हता, पुढे लोकांनी तो डोक्यावर घेतला, आणि 35 वर्षांनी 2017 ला आलेल्या त्याच्या पुढच्या भागानेही अपेक्षेइतका गल्ला केला नाही, पण ऑस्कर 2 मिळाले. पुस्तकांचंही तसंच, असिमोव्हच्या फाउंडेशनचं तिसरं पुस्तक 1953 चं आणि चौथं वाचकांच्या हातात पडलं 1982 ला, साय-फायसाठीचा ह्युगो पुरस्कार 1983 ला त्याला मिळाला. तेव्हा आज लिहिताना 'मला आज असं वाटलं' एवढंच लिहा, तारखेसकट.

स्पॉयलरसाठी, म्हणजे पुढे काय होतं ते फोडायला, दोन रविवार थांबा. वाळपय, काणकोणच्या माणसाला पहिल्या दिवसाचा शो कुठून जमणार, आणि वाट त्यानेही तेवढीच बघितलेली असते. ग्रुपवर टाकायचंच असेल तर वर 'स्पॉयलर' लिहून खाली भरपूर जागा सोडा.

आणि राग आला तर लेखनावर काढा, दिग्दर्शनावर काढा, माणसावर नको. स्टार वॉर्सच्या 2017 च्या भागात रोझ झालेली केली मेरी ट्रान, तिला लोकांनी ऑनलाइन इतकं छळलं की 2018 मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. भूमिका तिने लिहिली नव्हती, ती फक्त मनापासून करत होती. असं कुणी आपल्या ग्रुपवर लिहीत असेल तर तिथल्या तिथे थांबवा, दोस्त असला तरी.

शेवटी तो कागद काढा, तिन्ही ओळींपुढे काय मिळालं, काय नाही ते पेनाने लिहा आणि तिकीट त्यालाच टाचून ठेवा. माझा 2022 चा कागद अजून कपाटात आहे, जंगलाच्या ओळीपुढे 'नाही' आणि त्याच्याखाली वेगळ्या शाईने 'पाणी'.