ऑस्ट्रेलियातील राजकीय व्यंगचित्र कसे वाचावे

मेलबर्न किंवा सिडनीत नव्याने राहायला गेलेल्या मराठी माणसाला तिथले वर्तमानपत्र वाचता येते, बातमी कळते, अग्रलेखाचा रोखही ध्यानात येतो. अडते ते व्यंगचित्रापाशी. चित्रात कोणी पोहण्याच्या तोकड्या चड्डीत उभा असतो, कोणाच्या हातात कोळशाचा खडा असतो, खाली एक त्रोटक वाक्य असते, आणि शेजारचा सहकारी ते पाहून मनापासून हसत असतो. इंग्रजी कच्चे असल्यामुळे हे होते असे अनेकांना वाटते, पण खरे कारण वेगळे आहे. वाचकाला ज्या गोष्टी आधीच ठाऊक आहेत असे व्यंगचित्रकार धरून चालतो, त्या आपल्याला ठाऊक नसतात. त्या कुठून मिळवायच्या आणि मिळाल्यावर चित्राशी काय करायचे, यासाठी हे टिपण आहे. राजकीय व्यंगचित्रात एक आरोप असतो, असे मी मानतो. तो आपल्या शब्दांत एका वाक्यात मांडता आला की चित्र वाचून झाले, आणि तो आरोप कितपत टिकतो हे पडताळून पाहिले की वाचन पुरे झाले.

सर्वांत आधी तारीख पाहावी. व्यंगचित्र बातमीपेक्षाही लवकर शिळे होते, कारण बातमी स्वतःचा संदर्भ सांगते आणि चित्र तो सांगत नाही. उदाहरणार्थ, २०१० ते २०१८ या काळातील ऑस्ट्रेलियन व्यंगचित्रांत पाठीत खुपसलेले सुरे पुन्हा पुन्हा दिसतात. त्या आठ वर्षांत चार वेळा सत्ताधारी पक्षाच्या खासदारांनीच आपला पंतप्रधान बदलला: जून २०१० मध्ये केविन रड यांच्या जागी ज्युलिया गिलार्ड आल्या, जून २०१३ मध्ये गिलार्ड यांच्या जागी पुन्हा रड आले, सप्टेंबर २०१५ मध्ये टोनी ॲबट यांना हटवून माल्कम टर्नबुल आले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये टर्नबुल यांच्या जागी स्कॉट मॉरिसन. या प्रकाराला तिथे ‘स्पिल’ म्हणतात, म्हणजे नेतेपद रिकामे करून पक्षाच्या खासदारांमध्ये नव्याने मतदान घेणे. तारीख ठाऊक नसेल तर सुरा कोणाचा आणि पाठ कोणाची हेच कळत नाही, कारण रड यांच्यासारखा माणूस या कथेत दोन्ही बाजूंना उभा आहे.

दुसरी अडचण पक्षांच्या नावांची आहे, आणि इथे चांगले वाचकही फसतात. ऑस्ट्रेलियातील लिबरल पक्ष हा उजवीकडे झुकलेला, व्यापारउदिमाच्या बाजूचा पक्ष आहे; आपल्याकडे ‘लिबरल’ म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांसमोर येते ते बाजूला ठेवूनच त्याच्यावरील व्यंगचित्र पाहावे. ग्रामीण भागात जोर असलेला नॅशनल पक्ष सहसा त्याच्या जोडीला असतो, आणि व्यंगचित्रात तो रुंद काठाच्या अकुब्रा टोपीवरून ओळखू येतो. समोर मजूर पक्ष असतो. रंगही लक्षात ठेवावेत: मजूर पक्षाचा लाल, लिबरल पक्षाचा निळा, ग्रीन्स पक्षाचा हिरवा, आणि २०२२ च्या निवडणुकीत शहरी भागांतून निवडून आलेल्या अपक्षांचा निळसर हिरवा. रंगीत चित्रात एखाद्याच्या टायचा रंगही पुष्कळ बोलतो.

त्यानंतर माणसे ओळखावीत. ऑस्ट्रेलियन व्यंगचित्रकार एखाद्या नेत्याच्या आयुष्यातील एक प्रसंग धरतात आणि तो त्याला वर्षानुवर्षे चिकटवून ठेवतात. टोनी ॲबट समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून स्वयंसेवा करीत, म्हणून पंतप्रधानपदावर असतानाही ते चित्रांत लाल तोकड्या चड्डीत वावरले. या चड्डीला तिथल्या बोलीत ‘बजी स्मगलर्स’ म्हणतात, म्हणजे बजरीगार पक्षी लपवून नेणारी. शब्द ठाऊक असला की चित्रात अचानक उगवलेला तो पोपटासारखा लहान पक्षी कुठून आला हेही उमगते. स्कॉट मॉरिसन अर्थमंत्री असताना फेब्रुवारी २०१७ मध्ये कोळशाचा एक मोठा खडा हातात घेऊन संसदेत बोलले आणि याला घाबरू नका, असे त्यांनी विरोधकांना बजावले. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये देश वणव्यांनी होरपळत असताना ते पंतप्रधान या नात्याने कुटुंबासह हवाईला सुटीवर गेले, आणि टीका झाल्यावर आपण काही पाण्याची नळी हातात धरत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी रेडिओवरील मुलाखतीत दिले. त्या दिवसापासून फुलाफुलांचा हवाई शर्ट, पाण्याची नळी आणि कोळसा या तीन वस्तू त्यांच्या चित्रांत सहीसारख्या येऊ लागल्या. चेहरा ओळखू आला नाही तरी वस्तू पाहावी. वस्तूवरून प्रसंग आणि प्रसंगावरून आरोप सापडतो. कोणत्या नेत्याला कोणती वस्तू का चिकटली, याची वहीत नोंद ठेवण्याची सवय लावून घेतल्यास दोन-तीन महिन्यांत बहुतेक चित्रे आपोआप उलगडू लागतात.

आकाराकडेही लक्ष द्यावे. चित्रात कोण मोठा, कोण लहान आणि कोण कोणाकडे पाहतो आहे, हे कधीही योगायोगाने ठरत नाही. याचा उत्तम धडा डेव्हिड लो यांच्या १९१६ मधील एका चित्रात मिळतो. लो मूळचे न्यूझीलंडचे. सिडनीच्या ‘बुलेटिन’ साप्ताहिकात त्यांचा हात तयार झाला आणि १९१९ मध्ये ते लंडनला गेले. आर. के. लक्ष्मण आणि बाळासाहेब ठाकरे हे दोघेही लो यांना मानत असत, त्यामुळे मराठी वाचकाला हे घराणे परके नाही. या चित्रात ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज लंडनच्या बैठकीत खवळून उभे आहेत, आणि ब्रिटिश पंतप्रधान ॲस्क्विथ सहकारी डेव्हिड लॉइड जॉर्ज यांना विनवत आहेत: वेल्श भाषेत बोल रे याच्याशी, आणि याला शांत कर. ह्यूज यांचे आईवडील वेल्श होते आणि लॉइड जॉर्ज हेही वेल्श, हे ठाऊक असेल तर ओळ लागते. पण खरी गंमत आकाराची आहे. ह्यूज प्रत्यक्षात किरकोळ अंगाचे, कानांनी ऐकू कमी येणारे गृहस्थ होते. लो यांनी त्यांचा लहानपणा झाकला नाही, उलट त्या एवढ्याशा माणसाच्या आवाजाने साम्राज्याचे धुरीण बावरलेले दाखवले. हे ह्यूज यांचे कौतुक की टिंगल? दोन्ही. चित्र एकाच वेळी दोन दिशांना बोलत असेल तर घाईने एक अर्थ निवडू नये, दोन्ही लिहून ठेवावेत.

जुन्या चित्रांत माणसांऐवजी प्रतीके येतात, आणि त्यांचाही उगम शोधावा लागतो. १८८५ मध्ये न्यू साउथ वेल्स वसाहतीने ब्रिटनच्या मदतीला सुदानमध्ये सैन्याची तुकडी पाठवली. त्यासाठी उभारलेल्या निधीला सिडनीजवळच्या मॅन्लीतील एका लहान मुलाच्या नावाने देणगी आणि पत्र आले. ‘बुलेटिन’चे व्यंगचित्रकार लिव्हिंग्स्टन हॉपकिन्स, जे ‘हॉप’ या सहीने चित्रे काढत, यांनी तो मुलगा उचलला, त्याला जुन्या वळणाचे, बाळबोध कपडे घातले, आणि ज्या वसाहतीला स्वतःच्या युद्धाचा निर्णय स्वतः घेता येत नाही तिचे ते प्रतीक बनवले. ‘मॅन्लीचा छोटा मुलगा’ पुढे कित्येक वर्षे आधी वसाहतीसाठी आणि मग साऱ्या ऑस्ट्रेलियासाठी उभा राहिला. मला हे प्रतीक फार बोलके वाटते, कारण दुसऱ्याच्या लढाईत आपण का जातो, हा प्रश्न त्या देशाच्या राजकारणातून कधी गेलाच नाही. कांगारू, एमू किंवा मतदान केंद्राबाहेर पावात गुंडाळून मिळणारे सॉसेज यांचा अर्थ त्या मानाने सोपा आहे आणि तो लवकर कळतो.

चित्र कुठे छापले आहे हेही पाहावे. पहिल्या पानावर बातमीच्या कुशीत बसलेले छोटे चित्र, म्हणजे पॉकेट कार्टून, बातमीच्या मथळ्यासह वाचायचे असते. मेलबर्नच्या ‘द एज’मध्ये रॉन टँडबर्ग यांनी ते कित्येक वर्षे दोन-तीन रेषांत साधले, आणि लक्ष्मण यांच्या पॉकेट कार्टूनवर वाढलेल्या आपल्या वाचकाला त्याची लय लगेच सापडते. संपादकीय पानावरील मोठे चित्र मात्र स्वतंत्र लेखासारखे असते. शिवाय वर्तमानपत्राचा कल असतो: उजवीकडे झुकलेले ‘द ऑस्ट्रेलियन’ आणि डावीकडे झुकलेली ‘गार्डियन’ची ऑस्ट्रेलियन आवृत्ती यांतील एकाच दिवसाची, एकाच विषयावरची चित्रे शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या देशांत आल्यासारखे वाटते. म्हणूनच फक्त एका चित्रावरून ‘ऑस्ट्रेलियाचे मत’ ठरवू नये.

आता आरोप तपासण्याची रीत एका चित्रावर करून दाखवतो, कारण ते आपल्यासंबंधी आहे. डिसेंबर २०१५ मध्ये, पॅरिसची हवामान परिषद आटोपताच, ‘द ऑस्ट्रेलियन’मध्ये बिल लीक यांचे एक चित्र प्रसिद्ध झाले. मदत म्हणून आलेली सौर पॅनेले काही गरीब भारतीय फोडत आहेत, आणि ती आंब्याच्या चटणीबरोबर खाऊन पाहण्याची गोष्ट चालली आहे. पहिली पायरी, आरोप एका वाक्यात: भुकेल्या देशांना सौरऊर्जा देणे निरुपयोगी आहे. दुसरी पायरी, हा आरोप कोणावर आहे? बचाव करणारा म्हणेल की तो हवामानाच्या नावाने मदत वाटणाऱ्या श्रीमंत देशांवर आहे, भारतीयांवर नाही. हे म्हणणे सरळ फेटाळू नये. तिसरी पायरी, चित्र हा आरोप सिद्ध कशाने करते? भारतीयाला पॅनेल म्हणजे काय हे कळत नाही, या कल्पनेवर. ती काढून घेतली तर चित्रात काहीच उरत नाही. चौथी पायरी, त्या वेळची वस्तुस्थिती: भारताने राष्ट्रीय सौर अभियान २०१० मध्येच सुरू केले होते, २०१५ मध्ये त्याचे लक्ष्य २०२२ पर्यंत १०० गिगावॅट इतके वाढवले होते, आणि त्याच पॅरिस परिषदेत भारत व फ्रान्स यांनी मिळून आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची घोषणा केली होती. ज्या परिषदेत भारताने सौरऊर्जेचा पुढाकार घेतला, ती आटोपताच त्याला पॅनेल चावणारा दाखवले गेले. पाचवी पायरी, हे चित्र तिथल्या कोणत्या वादातून आले? ऑस्ट्रेलिया कोळशाचा बडा निर्यातदार आहे, आणि क्वीन्सलँडमधील अदानी समूहाच्या कारमायकल खाणीवरून तेव्हा जोरदार झगडा चालू होता. गरीब भारताला कोळसाच हवा, हा त्या खाणीच्या समर्थकांचा एक मुख्य युक्तिवाद होता. एवढे झाल्यावर माझा निष्कर्ष असा की चित्राची रेषा पक्की आहे, पण आरोप टिकत नाही. वाचकाने वेगळा निष्कर्ष काढावा, मात्र या पायऱ्या चढूनच काढावा.

याच रीतीने जुन्या चित्रांकडेही पाहता येते. फिल मे यांनी १८८६ मध्ये ‘बुलेटिन’साठी चिनी चेहऱ्याचा एक ऑक्टोपस काढला, आणि त्याच्या एकेका हातावर स्वस्त मजुरी, अफू, जुगार, रोगराई अशी नावे लिहिली. चित्रकाराची कारागिरी अव्वल आहे, आणि म्हणूनच ते चित्र अधिक घातक ठरले. त्यातली भीती पुढे १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्यात उतरली. अशा चित्रासमोर मी एक कसोटी वापरतो: चित्र माणसाला त्याच्या कृत्यावरून पकडते, की त्याच्या जन्मावरून? ॲबट यांची चड्डी आणि मॉरिसन यांचा शर्ट ही त्यांची स्वतःची निवड होती. ऑक्टोपसचे डोळे ही कोणाचीच निवड नव्हती. लीक यांच्याच ऑगस्ट २०१६ मधील, आदिवासी बापाला मुलाचे नाव आठवत नाही असे दाखवणाऱ्या चित्रावर वंशभेदविरोधी कायद्याच्या १८ क या कलमाखाली तक्रार झाली आणि नंतर ती मागे घेतली गेली. चित्राला कायद्याने अडवावे की नाही, यावर ऑस्ट्रेलियात प्रामाणिक मतभेद आहेत. कायद्याचा निर्णय काहीही असो, वरील कसोटी वाचकाच्या हातात राहते.

सरावासाठी साहित्याची वाण नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ विनामूल्य आहे, आणि त्यावर ‘बुलेटिन’चे जुने अंक पानागणिक पाहता येतात. कॅनबेऱ्यात असाल तर जुन्या संसद भवनातील लोकशाही संग्रहालयात वर्षभरातील निवडक व्यंगचित्रांचे प्रदर्शन भरते, ते चुकवू नये. ज्या इमारतीत १९२७ ते १९८८ पर्यंत देशाची संसद भरत होती तिथेच हे पुढारी भिंतीवर टांगलेले पाहणे हा वेगळाच अनुभव आहे. घरी बसून करायचे असेल तर आठवड्यातून एक चित्र कापून वहीत चिकटवावे, शेजारी तारीख, प्रसंग, वस्तू आणि एका वाक्यातील आरोप लिहावा, आणि पान महिनाभर मिटून ठेवावे. महिन्यानंतर ते उघडून, मधल्या काळात जे घडले त्याच्याशी तो आरोप ताडून पाहावा आणि आपले पहिले मत न खोडता त्याच्याखाली दुसरे लिहावे.