चपडा पॉलिशच्या आधी लाकडाला रंग कसा द्यावा

चपडा, म्हणजे पॉलिशसाठी वापरली जाणारी शुद्ध केलेली लाख, स्पिरिटमध्ये विरघळतो आणि लाकडाचे बरेच पारदर्शक रंगही स्पिरिटमध्येच विरघळणारे असतात; अडचणीचे मूळ इथेच आहे. सागाच्या एका चौरंगात कडेच्या फळीवर पांढुरका पट्टा होता, तो गाभ्याच्या रंगात मिळवून घ्यावा म्हणून मी स्पिरिटचा रंग लावला होता. रंग छान बसला. पण वरून चपड्याचा बोळा (चपड्यात भिजवलेली कापडाची पुरचुंडी) तिसऱ्यांदा फिरवला, तेव्हा बोळ्याचे कापड तांबडे झाले आणि पट्ट्याच्या मधोमध फिकट वाट उमटली. बोळ्यातल्या स्पिरिटने खालचा रंग उचलला होता. त्यामुळे हाताने चपडा लावायचा असेल, तर त्याखाली पाण्यात विरघळणारी रंगाची पूडच वापरावी, असे माझे मत झाले आहे.

पाण्याने लाकडाचे तंतू फुगून उभे राहतात, ही मात्र या रंगाची खोड आहे. ती आधीच काढून टाकावी. 150, 180 आणि 220 नंबरच्या पॉलिश पेपरने लाकूड घासून झाल्यावर ते ओल्या फडक्याने सर्वत्र सारखे भिजवावे, रात्रभर वाळू द्यावे आणि उभे राहिलेले तंतू 220 च्याच कागदाने, रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने उतरवावेत. जोडांशी सरस सांडलेला असल्यास तो भिजवलेल्या लाकडावर फिकट डागासारखा दिसतो. तो तेव्हाच खरवडावा, कारण सरसावर रंग धरत नाही.

पाकिटावर वेगळे सांगितले नसेल, तर 1 लिटर गरम पाण्यात सुमारे 30 ग्रॅम पूड विरघळवावी आणि थंड झाल्यावर फडक्यातून गाळावी. भांडे काचेचे किंवा प्लास्टिकचे घ्यावे, लोखंडाचे नको. त्याच लाकडाच्या तुकड्यावर रंग लावून, वाळवून, वर चपडा देऊनच छटा ठरवावी. वाळलेला रंग मातकट आणि निर्जीव दिसतो. त्याला घाबरून आणखी एक हात दिला, की पॉलिशनंतर लाकूड काळवंडते. रंग ओला असताना जसा दिसतो, साधारण तसाच तो चपड्याखाली उमटतो. साध्या चपड्याची पिवळसर तांबूस झाक सागाला शोभते. निळ्या किंवा करड्या रंगावर मात्र ती हिरवट दिसते, तिथे पांढरा केलेला चपडा घ्यावा.

लावताना कंजुषी करू नये. फळीची आडवी कापलेली टोके जास्त रंग पितात, म्हणून त्यांना आधी नुसते पाणी लावावे; मग स्पंजाने संपूर्ण पृष्ठभाग न थांबता भिजवून, उरलेला रंग कोरड्या फडक्याने रेषांच्या दिशेने टिपून घ्यावा. पायांना खालून वर रंग द्यावा, म्हणजे कोरड्या लाकडावर ओघळांचे डाग पडत नाहीत. त्यानंतर किमान एक रात्र वाळू द्यावे. पावसाळ्यात चपडा ओलसर हवेत पांढुरका पडतो, त्यामुळे उघडीप मिळेपर्यंत थांबलेलेच बरे.

पहिला चपडा पातळ असावा: 1 लिटर स्पिरिटला सुमारे 120 ग्रॅम. खोलीची खिडकी उघडी आणि निरांजन, शेगडी दूर ठेवावी. बाजारातल्या स्पिरिटमध्ये थोडे पाणी असतेच, त्यामुळे पाण्याचा रंगही घासल्याने किंचित सुटू शकतो. म्हणून पहिले दोन हात बोळ्याने न देता मऊ ब्रशने द्यावेत, आणि एकदा ब्रश गेलेल्या जागी पुन्हा फिरवू नये. दोन हातांमध्ये तासभर जाऊ द्यावा. तिसरा हात वाळल्यावरच 320 चा कागद हलकेच फिरवावा, कडांपासून बोटभर दूर. तरीही एखादी कड घासली जाऊन लाकूड उघडे पडले, तर तेवढ्याच जागी बारीक ब्रशने रंग टिपून, वाळवून, वर चपडा द्यावा आणि मगच बोळा हाती घ्यावा.