पोहण्याच्या तलावात पाणी किती मावतं आणि रोज किती लागतं

तलावाचा हिशोब बहुतेक वेळा खोलीत चुकतो. लांबी-रुंदी टेपने नीट मिळते. खोली मात्र पाण्याच्या पातळीपासून तळापर्यंत मोजायची, काठाच्या फरशीपासून नाही. भरलेल्या तलावातही पाणी काठापेक्षा साधारण 10 ते 15 सेंमी खाली असतं. 50 चौरस मीटरच्या तलावात 10 सेंमीची चूक म्हणजे 5,000 लिटर.

आयताकृती तलावाला लांबी × रुंदी × सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये. आलेल्या घनमीटरला 1,000 ने गुणलं की लिटर. गोल असेल तर व्यास × व्यास × खोली × 0.785. मापं फुटांत असतील तर घनफुटांना 28.3 ने गुणा.

उथळ आणि खोल टोकांची बेरीज करून दोनने भागायचं, ही सवय तळाला एकसारखा उतार असेल तरच चालते. समजा तलाव 10 × 5 मीटर, खोली 1.2 ते 1.8. सरासरी 1.5 धरली की 75,000 लिटर. पण तळ पहिले 6 मीटर सपाट असून उतार शेवटच्या 4 मीटरमध्येच असेल, तर 6 × 5 × 1.2 = 36 आणि 4 × 5 × 1.5 = 30, म्हणजे 66,000 लिटर. या 9,000 लिटरच्या फरकाने औषधाची मात्राही बिघडते. क्लोरीन 1 पीपीएमने (दहा लाख भाग पाण्यात 1 भाग) वाढवायला 66 घनमीटरला 65 टक्के क्लोरीनची पावडर सुमारे 100 ग्रॅम लागते. म्हणून उतार जिथे सुरू होतो तिथे तुकडे पाडूनच मोजा. मोठ्या पायऱ्यांचं घनफळ वजा करा.

भरायला लागणारा वेळ बादलीने काढा. 20 लिटरची बादली 40 सेकंदांत भरत असेल तर तासाला 1,800 लिटर, म्हणजे हा तलाव भरायला जवळपास 37 तास.

रोजच्या भरपाईसाठी एवढंच ध्यानात ठेवा: पातळी 1 मिमी उतरली की दर चौरस मीटरला 1 लिटर गेलं. 50 चौरस मीटरवर 5 मिमी म्हणजे 250 लिटर. बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर धुवायला उलटं सोडलेलं पाणी वेगळं धरा. पंप मिनिटाला 250 लिटर ओढत असेल तर तीन मिनिटांत 750 लिटर जातात.

घट जास्त वाटली तर बादलीत तलावाचंच पाणी घेऊन ती पायरीवर ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करून दोन्ही खुणा करा. पंप बंद ठेवा, 24 तास कुणी उतरू नये, पाऊसही नको. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा जास्त उतरली तर गळती आहे. पंप चालवून पुन्हा तपासा. तेव्हा घट वाढली तर पंपानंतरची, पाणी तलावात परत आणणारी पाइपलाइन आधी पाहा.